आतून पोकळ

स्तनाच्या पेशी सपाट बशीत वाढवल्या, तर त्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीसारख्या नुसत्या पसरतात. मऊ जेलमध्ये ठेवल्या, की शरीरात राहतात तशा राहतात. निरोगी पेशींचा आतून पोकळ, इवलासा गोळा होतो. कॅन्सरच्या पेशी ती पोकळी भरून टाकतात. मी पुण्यात हे गोळे वाढवते. दर दोन दिवसांनी त्यांचं पोषक पाणी बदलावं लागतं, म्हणून रविवारीही प्रयोगशाळेत असते. एकटीच. फ्रीजची घरघर तेवढी सोबतीला.

गावाहून, साखऱ्याहून काकूचा फोन यायचा. माझ्या गोळ्यांना ती रोपं म्हणायची.

"दिलं का पाणी तुह्या रोपायला?"

"दिलं."

"अन् तू जेवली का?"

आई लहानपणीच गेली. मी हिंगोलीला शिकत होते, तेव्हा काकूनं रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवला. माझ्या पदवीत तिच्या भाकरी आहेत.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत दोन दिवसांसाठी गावी गेले. शिजलेली हळद पसरताना मी तिला मोबाईलवर दोन्ही गोळ्यांचे फोटो दाखवले.

"यासाठी एवढी शिकली व्हय? निंबोळ्या दिसून राहिल्या," ती हसली. मग भरलेल्या गोळ्यावर तिचं पिवळं बोट थांबलं. "माय, माह्या छातीत अशीच गाठ हाय. पोळ्यापासून."

"काहून सांगितलं न्हाई?"

"कोणाला सांगू? घरात समदे गडीमाणसं. तू तिकडं."

माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. पुण्यात पाणी बदलायला दुसरं कोणी नव्हतं. मी गाडी सोडली आणि तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. पडद्याआड जातानाही तिनं माझं मनगट सोडलं नाही. सुईनं काढलेला तुकडा तपासायला नांदेडला गेला. रिपोर्ट आठवड्यानं मिळणार होता.

पुण्यात परतले तेव्हा तीन आठवड्यांचे गोळे मेले होते. बशा टाकून दिल्या, नव्या मांडल्या.

रविवारी फोन आला. "मेली का गं रोपं, माह्यापायी?"

"न्हाई काकू. जगली."

तिच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले. ती म्हणाली, "बरं झालं," आणि मी जेवले का, ते विचारायचं विसरली.

नव्या जेलमध्ये अजून नुसते ठिपके होते. रिपोर्ट यायला तीन दिवस होते.