सोमारीची पाठ आणि कॅप्टन निमगडे

डॉ. खुशाल निमगडे यांना सिंदेवाहीच्या पंचक्रोशीत कोणी कर्नल म्हणत नाही. ‘ढोरायचे डाक्टर’ ही लोकांनी दिलेली पदवीच त्यांना अधिक प्रिय आहे. लष्कराच्या पशुवैद्यक दलातून निवृत्त होऊन ते आपल्या गावी परतले आणि वाडवडिलांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरे, करू लागले. युद्धातील सेवेविषयी ते आपण होऊन बोलत नाहीत. मी विचारले, तेव्हा त्यांनी एकाच दिवसाची हकीकत सांगितली. पण तीत त्यांचे सारे वैद्यकशास्त्र आणि सारी धर्मबुद्धी पणाला लागली होती.

ती कळण्यासाठी आधी त्यांच्या घरातील एक रीत सांगितली पाहिजे. त्यांचे वडील लहानू यांनी बालवयात, छप्पन्न साली, आपल्या वडिलांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव्हारा गेला, नवस गेले. पोळ्याच्या आदल्या सायंकाळची खांदशेकणी मात्र राहिली. ऊन पाण्याने बैलाचा खांदा शेकायचा, पळसाच्या पानाने त्यावर तूप-हळद चोळायची आणि म्हणायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” कोणी हटकले, तर लहानू म्हणत, “दीक्षा आमी घेतली, बैलानं नाई.” वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याविषयीची ही कृतज्ञता खुशाल यांच्या हाताला बालपणीच अवगत झाली.

नव्व्याण्णव साली कारगिलचे युद्ध पेटले, तेव्हा ते कॅप्टन होते. द्रासच्या बाजूला एका उत्तुंग कड्याच्या पायथ्याशी त्यांचा तंबू होता. वरच्या चौकीवर दारूगोळा आणि पाणी नेण्यास मोटार निरुपयोगी. ते काम खेचरांचे. वेदकाळी जिला रथाला जुंपत, त्या अश्वतरीचेच हे कुळ. रोज सकाळी खोगीर उतरवून प्रत्येक पाठ तपासायची, हा डॉक्टरांचा नेम. व्रण डोळ्यांना दिसण्यापूर्वी कातडीखाली ऊब साचते. पण त्या थंडीत बोटे बधिर होत, ऊब कळत नसे. म्हणून ते खेचराच्या पाठीवर आपला गाल टेकवीत.

पोचू हा अहेरीकडचा शिपाई खेचरांच्या तांड्यात होता. मुलखातला माणूस म्हणून तो डॉक्टरांशी मोकळेपणाने बोले.

“साहेब, पोट्टे हासून राह्यले. म्हंते, डाक्टर खेचरायचे मुके घेते.”

“हासू दे. तुले काऊन जळन होऊन राह्यली?”

पोचूच्या ताब्यातील खेचरी सोमवारी आली, म्हणून त्याने तिचे नाव सोमारी ठेवले होते. तांड्याची ती पुढारी. अरुंद वाटेवर ती पुढे असल्याशिवाय बाकीची खेचरे पाऊल उचलीत नसत.

एके सकाळी वरून निरोप आला: दारूगोळा संपत आला आहे, सायंकाळी तांडा निघालाच पाहिजे. डॉक्टरांनी सोमारीच्या पाठीला गाल लावला, तो तेलकट, पिवळा होऊन आला. हळदीचा वास. मान आणि पाठ जिथे मिळतात, त्या उंचवट्यावरची कातडी तळहाताएवढी सोलवटली होती.

“पोचू, हे काय लावलं बे?”

“तूप-हळद, साहेब. काल लंगरातून मांगून आनली. लय थकली होती बिचारी. आपल्याकडं शेकतेच ना खांदे.”

“शेकलेल्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी जू ठेवते का तुहा बाप?”

“नाई जी. उद्या त पोळाच रायते. बैलाले सुट्टी.”

“अन् हिले कोनं सुट्टी देल्ली?”

तुपाने कातडी मऊ पडली होती; रात्रीच्या फेरीत ओझ्याखाली खोगीर सरकत राहिले आणि दगडी धुळीने ती खरवडून काढली. रीत पोचूने प्रेमानेच पाळली. तिचा अर्धा भाग असलेली विश्रांती तेवढी विसरला.

तांड्याच्या प्रमुखाने विचारले, “डॉक्टर साहब, ये नहीं गई तो बाकी जाएँगे?”

“नहीं, सर.”

शास्त्र सांगत होते, व्रण भरेपर्यंत हिच्यावर खोगीर नाही. वर मात्र माणसे रिकाम्या होत चाललेल्या बंदुका घेऊन बसली होती. डॉक्टरांनी खोगिराखालचा जाड लोकरी नमदा मागवला आणि व्रणावर दाब येऊ नये म्हणून तेवढ्या जागी तो कापून पोकळी केली. ओझे निम्मे केले. उरलेले निम्मे पोचूने आपल्या पाठीवर मागून घेतले.

तांडा पोहोचला. चौकी टिकली. पुढारी म्हणून दुसरे खेचर तयार होईपर्यंत सोमारीला आणखी काही फेऱ्या कराव्या लागल्या आणि व्रण हाडापर्यंत गेला. ती जगली, पण तिच्या पाठीवर पुन्हा कधी खोगीर चढले नाही.

“पश्चात्ताप होतो का?” मी विचारले.

“नाई. वरचे पोट्टे वाचले. पोचू चुकला, ते नकळत. मी तिले जानूनबुजून पाठवलं. बरोबर केलं, पन ते तिच्याच पाठीवर केलं.”

गेल्या आषाढात, भाताची रोपे लावण्याच्या दिवसांत, मी त्यांच्या ओसरीवर बसलो असता शेजारचा पत्रू आपला बैल घेऊन आला. खांदा सुजून लाल झाला होता. डॉक्टरांनी त्याला गाल लावून पाहिला आणि सांगितले, “जू नाई ठेवाचं.”

“डाक्टर, चिखलनी आहे जी! पऱ्हे वाढून राह्यले. दोन रोज चालवतो, मंग देतो ना सुट्टी. तुमीच त फौजेत जखमी खेचर चालवलं म्हंते!”

“तिकडं वर मानसं मरून राह्यली होती. तुह्या बांधीत कोन मरून राह्यला?”

“माहं धान मरून राह्यलं!”

डॉक्टर उठून गोठ्यात गेले, आपली जोडी सोडली आणि दावे पत्रूच्या हाती दिले. “पयले तुही बांधी होऊ दे. हा इथीच राहू दे.”

त्यांच्या स्वतःच्या बांधीत पाणी भरून तयार होते. तिची चिखलणी त्या वर्षी उशिरा झाली.