तात्यांची शेवटची बॅच

किस्से काही आपण गोळा करत नाही. ते आपोआप साठतात, घरातल्या कापडी पिशव्यांसारखे. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात. परवा कोणीतरी मला विचारलं, "तू शाळेत नाटक शिकलास म्हणे? म्हणजे नेमकं काय शिकलास?" तेव्हापासून माझ्या अंगावर पिशव्या पडतायत.

आज सोमवार. शनिवार-रविवार तारकर्लीच्या रिसॉर्टवर गेस्ट लोकांपुढे दशावतार करून गुडघे बोलतायत. पंधरा मिनिटांत अख्खं नाटक, आणि उरलेला वेळ मुकुट घालून त्यांच्या पोरांबरोबर फोटो. त्यामुळे दमलोय, खरं सांगतो. मधेच थांबलो तर झोपला म्हणून समजू नका, चहा सांगा.

आमची शाळा मालवणजवळची. दुपारपर्यंत गणित-भूगोल, जेवणानंतर नाट्यवर्ग. पखवाज, पेटी, गाणं, आणि तात्यांचा दशावतार. तात्या उभा जन्म दशावतारात राजा झालेले. बायको गेलेली, मुलगा विरारला. तात्यांचं सगळं जग आमच्या वर्गातच होतं. पण आम्ही नववीत असताना कळलं, की नवी मुलं येत नाहीत, सगळ्यांना इंग्लिश मीडियम आणि क्लासेस पाहिजेत. आमची बॅच बाहेर पडली की वर्ग बंद. आणि तात्यांनी विरारला मुलाकडे जायचं, सातव्या मजल्यावर.

तात्या एकदाच त्यावर बोलले. राजाचं हसू शिकवत होते, ते पोटातून येणारं गडगडाटी. मधेच थांबले नि म्हणाले, "थंय माका हसाकसुद्धा हळू लागतला रे." आणि पुढचा धडा सुरू केला.

\*

ॲडमिशनचं सांगतो. आम्हाला वाटलं, गाणं म्हणून दाखवायचं असणार. मी घरून एक अभंग घोटून गेलो होतो. तात्यांनी तो ऐकूनच घेतला नाही.

म्हणाले, "तू राजा. ह्यो भटजी तुझ्याकडे गाय मागूक इलो. गाय देवची नाय, पण नाय म्हणाचापण नाय. बोल."

मी घामाघूम. बाबांबरोबर सातबाराच्या कामासाठी कचेरीत हेलपाटे घातलेले तेवढे आठवले. मान वर न करता म्हणालो, "साहेब जेवायला गेलेत. उद्या या."

तात्या मांडी थोपटत हसले. म्हणाले, "घेतलंय तुका. तू जन्माचो राजा."

\*

आमच्या नाटकात लिहिलेले संवाद नसतात, हे बाहेरच्यांना पटतच नाही. संध्याकाळी गोष्ट सांगतात, कामं वाटतात, बोलायचं ते ज्याचं त्यानं. त्यामुळे तात्यांचा एकच कायदा होता. सुचलं नाही तर देवाला हाक मार, झाडाला विचार, पण स्टेजवर गप्प राहायचं नाही.

हा कायदा बबनच्या अंगात भिनला. बबन म्हणजे आमचा राक्षस. रेडीचा, बाप बंदरावर कामाला, हा शाळेच्या वसतिगृहात. अंगानं आडवातिडवा, आवाज पखवाजाला भारी. रविवारी जेवायला तात्यांकडे. तात्या भात टाकायचे, बबन मासे साफ करायचा. दोघं जेवताना पण नाटकातलंच बोलायचे असं ऐकून होतो.

तर सायन्सच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, झाड आपलं अन्न कसं तयार करतं. बबनला काडीचं येत नव्हतं. पण गप्प राहायचं नाही ना! उठला, खिडकीतल्या फणसाकडे हात केला आणि सुरू झाला. "हे वृक्षराजा, गुरुवर्य विचारतात, तू जेवतोस काय?" मग आवाज बदलून झाडाचं उत्तर. झाड म्हणालं, सूर्य वाढतो आणि मी जेवतो. मग सूर्याची एंट्री. मग सूर्य आणि झाड यांचं भांडण, कारण सूर्य पावसाळ्यात खाडे करतो.

सगळ्या वर्गानं पुस्तकं खाली ठेवली. बेल झाली तरी सर ऐकतच होते. मग भानावर येऊन म्हणाले, "पास केलाय. पण मार्क झाडाचे आहेत, तुझे नाहीत. बस."

\*

मला एकदा राणीचं काम आलं. आमच्यात बायकांची कामं पुरुषच करायचे, त्यात काही विशेष नाही. विशेष होती साडी. आईच्या कपाटातली, भावाच्या लग्नात घेतलेली, मी न विचारता उचललेली.

राजा युद्धात पडतो आणि राणी विलाप करते, असा सीन. राणीनं जमिनीवर अंग टाकायचं. मी पदर सावरून खाली बसणार, एवढ्यात पालकांच्या रांगेतून आईचा आवाज आला.

"रड कितक्याय, पण लोळा नको गो! साडी नवी हा!"

हॉल फुटला. राजा मेलेला होता, त्याचं पोट हलायला लागलं. पेटीवर तात्या. त्यांनी सूर सोडला नाही, नुसती भुवई उडवली, म्हणजे बोल काहीतरी. मी आईकडे वळून हात जोडले नि म्हणालो, "मातोश्री, आज्ञा." आणि पूर्ण विलाप उभ्यानं केला.

तात्या नंतर म्हणाले, इतकी शिस्तीची विधवा आपण आयुष्यात बघितली नाही. घरी आईनं जे केलं, ते सांगत नाही.

\*

खारेपाटणला कार्यक्रम होता. तिथे रंगायला जागा नव्हती म्हणून आम्ही शाळेतूनच रंगून एस.टी.त चढलो. गणपतीला एका आजीनं खिडकी दिली. राक्षसाशेजारी कोणी बसेना, म्हणून बबनला अख्खी सीट मिळाली. तो खूश.

कंडक्टर आला. बबननं विद्यार्थी पास काढला. कंडक्टर एकदा फोटो बघतो, एकदा काळंलाल तोंड बघतो.

"ह्यो फोटो कोणाचो?"

"माझोच."

"मग तोंड दाखव."

तात्या मागच्या सीटवरून उठले. म्हणाले, "साहेबानु, तोंड परततना दाखवतलो. आता पुसला तर खारेपाटणाक दुसरो राक्षस खंयसून हाडू?"

कंडक्टर बिचारा सज्जन. परतीच्या गाडीवर त्याची ड्युटी नव्हती, तरी त्यानं पुढच्या माणसाला निरोप देऊन ठेवला, की एक राक्षस येईल, त्याचं तोंड चेक कर. संध्याकाळी परतीच्या गाडीत पाय ठेवला तर नवा कंडक्टर दारातच. "राक्षस खंय?" बबननं धुतलेल्या तोंडानं हात वर केला.

कंडक्टर त्याच्याकडे बघत राहिला. मग पास परत देत म्हणाला, "जातना बरो होतो म्हणतत."

\*

दहावीत असताना वर्ग चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला एक साहेब आले. आम्हाला खरंच वाटलं होतं, नाटक चांगलं झालं तर वर्ग वाचेल. पोरं सकाळपासून जेवली नव्हती. तात्यांनी नवं धोतर नेसलेलं, इस्त्रीचं.

साहेबांनी आधीच सांगितलं, माझ्याकडे वीस मिनिटं आहेत. तात्या म्हणाले, हरकत नाही, आमचे देव आज जेवायला न थांबता येतील.

मी राजा, बबन राक्षस. रंगात आल्यावर बबननं ठरलेलं सोडलं. मला खडसावून विचारलं, "राजा, तुझ्या राज्यात पोरांनी नाचाचा नाय, गाणा म्हणाचा नाय, असो हुकूम कोणी काढलो?" आता हे प्रकरण माझ्या डोक्याबाहेरचं. मी नुसता मिशीला पीळ देत साहेबांकडे बघितलं. हॉलमधल्या सगळ्यांनीच साहेबांकडे बघितलं.

साहेब इतके गुंगलेले, की खुर्चीतूनच बोलून गेले, "अहो, माझ्या हातात काहीच नाही हो!"

तात्यांनी पेटी थांबवली. म्हणाले, "साहेब, वर येवा. राजाचा काम तुमकाच शोभतला."

साहेब हसले, चहा प्यायले, जाताना तात्यांचे दोन्ही हात हातात घेतले. वर्ग बंद व्हायचा तो झालाच. माणूस वाईट नव्हता. मला आजही त्याचा राग येत नाही, नुसतं दमल्यासारखं होतं.

\*

आता शेवटचा सांगतो आणि घरी जातो.

निरोपाचं नाटक. दुपारची वेळ, हॉल पालकांनी भरलेला. त्याच संध्याकाळी कुडाळहून तात्यांची विरारची गाडी. ट्रंक बांधून रिक्षात ठेवलेली, रिक्षा शाळेच्या गेटवर उभी. मोठ्या बाईंनीच सगळी व्यवस्था केली होती. शेवटचं म्हणून राजाचं काम तात्यांना दिलं, मी प्रधान, बबन राक्षस.

आमच्याकडे राक्षस पडला की नाटक संपलं. तो पडेपर्यंत युद्ध चालतं, आणि पडायचं कधी हे राक्षस ठरवतो. पण राजाची तलवार तिसऱ्यांदा लागली की पडायचं, एवढी समज आमच्यात होती.

तिसऱ्यांदा तलवार लागली, बबन पडला. झांज थांबली. तात्यांनी हात जोडले, लोकांनी टाळ्या सुरू केल्या, आणि बबन उठला. म्हणाला, मला शंकराचा वर आहे. लोक हसले. तात्याही हसले, ते पोटातलं राजाचं हसू. पुन्हा युद्ध. पुन्हा पडला, पुन्हा उठला. आता ब्रह्मदेवाचा वर. मग जलदेवतेचा. मग मी कधी न ऐकलेल्या रेडीच्या कुठल्यातरी देवाचा. हळूहळू लोक हसायचे थांबले. मोठ्या बाई घड्याळ बघायला लागल्या. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

तात्यांना धाप लागलेली. त्यांनी बबनला पुन्हा पाडला, गुडघा टेकला, छातीवर तलवार धरली आणि खाली वाकले. मी प्रधान म्हणून शेजारीच, त्यामुळे मला ऐकू आलं. त्यांनी अगदी हळू सांगितलं,

"मर रे बाबू. माझी गाडी चुकतली."

बबनचे डोळे मिटलेले. त्यानं ते उघडले नाहीत. नुसते ओठ हलले.

"चुकां दे."

तात्या तसेच वाकून राहिले. पुन्हा हॉर्न वाजला. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, मुकुट सरळ केला, माझ्याकडे वळले आणि हॉलच्या पत्र्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले,

"प्रधानजी, गेटवरचा रथ परत पाठवा! राक्षस अजून जिवंत आहे."