डोळे तपासणीचं कलम

“मॅडम, तुमी फक्त एवढंच सांगा, का कंपनी बदलली का पेन्शन बुडते. बाकी मी पाह्यतो.”

देवीदासभाऊंनी मला गोडाऊनच्या शटरपाशी बाजूला घेतलं होतं. आत पंचवीस-तीस ड्रायव्हर सतरंजीवर बसून आमची वाट बघत होते. मी म्हटलं, “भाऊ, पण ते खरं नाही.”

“मले माहीत आहे खरं नाही ते. पण तुमी वकील आहा. तुमी म्हटलं का पोरं मानतीन.”

मी वाशिमला कामगार कायद्याची वकिली करते. बरेचदा मालक लोकच अशी मागणी करतात, की बाई, कामगारांना जरा घाबरवा. युनियनच्या अध्यक्षानं आपल्याच माणसांना घाबरवायला सांगितलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी नाही म्हटलं. ते मान हलवून आत गेले.

ही युनियन शेलूबाजारच्या एका ट्रान्सपोर्टमधल्या ड्रायव्हरांची. कारंज्याहून कापसाच्या गाठी आणि सोयाबीन न्यायचं काम. युनियन उभी केली ती देवीदासभाऊंनीच. त्याआधी इथे कोणाचा पीएफ कापला जात नव्हता. भाऊंनी गाड्या उभ्या केल्या, शेठशी भांडले आणि सगळ्यांचा पीएफ सुरू करून घेतला. तेव्हापासून दर तीन वर्षांनी पगाराचा करार होतो आणि कामगारांच्या बाजूनं तो लिहायला मी असते.

या वेळी जुना करार संपला होता आणि नव्यावर बोलणी चालू होती. नेमकी त्याच वेळी हायवेला एक मोठी कंपनी आली. नव्या गाड्या, एसी केबिन, पगार जास्त. मात्र तिथे युनियन नव्हती आणि नेमणूक वर्षावर्षाची. म्हणजे विचार करण्यासारखं दोन्हीकडे होतं. ड्रायव्हरांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की गेलो तर काय मिळेल आणि काय जाईल.

मी त्यांना सांगितलं ते असं. पीएफमधला एक भाग पेन्शनच्या खात्यात जातो. दहा वर्षं तो भरला गेला की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याला पेन्शन लागू होते. मालक बदलला म्हणून ही वर्षं पुसली जात नाहीत. फक्त मधे पैसे काढून खातं रिकामं करायचं नाही. जुनं खातं नव्या कंपनीत जोडून घ्यायचं. तेवढं केलं की आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं एकत्र मोजतात.

“म्हणजे पेन्शन नाही बुडत?” रफिकनं विचारलं. रफिक युनियनचा खजिनदार. चाळिशीचा, बोलायला फटकळ. नव्या कंपनीत जाऊ म्हणणाऱ्यांचा पुढारी तोच.

“नाही बुडत.”

रफिकनं वळून भाऊंकडे पाहिलं. “मंग भाऊ, महिनाभर तुमी आमाले काय सांगून राह्यले होते?”

भाऊ म्हणाले, “मी म्हणतो इथंच राहा. शेठ वाढ कमी देईन, पण माणूस ओळखीचा आहे.”

“शेठनं एक पैसा वाढवला नाही तरी इथंच राहाचं?”

“राहाचं.”

हे मलाही खटकलं. बोलणी करताना दुसरीकडे जायची तयारी हेच कामगाराच्या हातातलं हत्यार असतं. भाऊ ते जाणून होते. आधीचे दोन करार त्यांनी असेच ओढून घेतले होते. आता मात्र ते आपणहून हत्यार खाली ठेवत होते. मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, “बिकला वाटते.” ते सगळ्यांनी ऐकलं. भाऊंनीही ऐकलं.

रफिक उभा राहिला. “भाऊ, मी तोंडावर बोलतो. तुमी बिकले नसान, त उद्या नव्या कंपनीच्या भरतीची डॉक्टरी तपासणी आहे मंगल कार्यालयात. तिथं चला. आमच्यासंगं नाव लावा. पास झाल्यावर नाही म्हणा, मंग आमी मानू का तुमी मनानं नाही म्हणून राह्यले.”

भाऊंनी मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “येतो.”

दुसऱ्या दिवशी मीही गेले. नेमणुकीचे कागद वाचून द्या, असं ड्रायव्हरांनी सांगितलं होतं. कंपनीनं अकोल्याहून डॉक्टर आणले होते. वजन, बीपी, शुगर आणि शेवटी डोळे. डोळ्यांच्या टेबलापाशी एक तरुण डॉक्टरीण होती. भाऊंची पाळी आली तेव्हा रफिक मुद्दाम जवळ जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, “यांना बाहेर पाठवू का?”

“राहू द्या,” भाऊ म्हणाले. “माह्यावर शक आहे त्याचा. पाहू द्या.”

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता भाऊंनी अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचला. चष्मा न लावता. भाऊ मुद्दाम नापास होतील असं धरून आलेल्या रफिकचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. मी हातातले कागद पिशवीत टाकायला लागले.

मग डॉक्टर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “माझ्या नाकाकडे बघत राहा. डोळे हलवायचे नाहीत. बाजूनं माझं बोट येईल, ते दिसलं की सांगा.” त्यांनी हात लांब बाजूला नेला आणि बोट हलवत हलवत हळूहळू आत आणलं. कानाच्या रेषेत आलं. भाऊ गप्प. गालाच्या रेषेत आलं. भाऊ गप्प. जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा भाऊ म्हणाले, “दिसलं.”

डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूनं तसंच केलं. मग एकेक डोळा झाकून. प्रत्येक वेळी बोट तिथेच पोचल्यावर “दिसलं.”

त्यांनी भाऊंच्या डोळ्यांचा दाब पाहिला, बॅटरी घेऊन आत बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “काका, तुम्ही सध्या काय चालवता?”

“दहाचाकी.”

“आजपासून चालवायची नाही. दुचाकीसुद्धा नाही.”

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. काचबिंदू. यात डोळ्याची नस हळूहळू वाळत जाते. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं. नळीतून बघावं तसं. म्हणून तक्ता वाचता येतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकवायची. “अकोल्याला मशीनवर तपासून घ्या, पण माझ्या मनात शंका नाही,” त्या म्हणाल्या.

आठवडाभरापूर्वी मी त्याच दहाचाकीत भाऊंच्या शेजारी बसून कारंज्याहून शेलूबाजारला आले होते. माझी एसटी चुकली होती. सबंध रस्ताभर भाऊ मान इकडून तिकडे फिरवत होते, आणि किती सांभाळून चालवतात हे, असं मला वाटलं होतं. चौकात डावीकडून एक मोटरसायकल आली. त्यावर नवरा-बायको आणि मधे बाळ. भाऊंनी ब्रेक दाबला तो मी ओरडल्यावर. नंतर ते म्हणाले होते, “आजकाल लोक कसेबी घुसतात.” मी हो म्हटलं होतं.

रफिक अगदी हळू आवाजात बोलला. “परवा माह्या पोरीले मी यांच्याच गाडीत कारंज्याले पाठवलं. कॉलेजात. म्हटलं भाऊची गाडी आहे, चिंता नाही.” मग भाऊंकडे वळून, “तुमाले माहीत होतं?”

“होतं,” भाऊ म्हणाले. “दोन वर्षं झाले. डॉक्टरनं थेंब देल्ले होते.”

“मंग काहून चालवली?”

“दहा वर्षं भराले दीड वर्ष राह्यलं, रफिक.”

पीएफ सुरू व्हायच्या आधी हा माणूस वीसेक वर्षं लोकांच्या गाड्या चालवत होता. ती वर्षं कुठेच लागली नव्हती. ज्या पेन्शनसाठी तो सगळ्यांकरता भांडला, तिच्यासाठी त्याचीच वर्षं कमी पडत होती. नवी कंपनी म्हणजे तपासणी. जुन्या शेठकडे तपासणी नव्हती. सगळे गेले तर शेठ धंदा आवरेल ही भीती. म्हणून सगळ्यांना तिथेच थांबवायचं. यात शेठचा काही संबंध नव्हता. रफिकनं भाऊंपुढे हात करून गाडीची चावी मागितली. भाऊंनी ती लगेच दिली. मग रफिकनंच त्यांना घरी सोडलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या ड्रायव्हरांना कळली. कोणी चिडलं नाही, निदान लगेच नाही. एकानं विचारलं, “मॅडम, आमच्यातले आणखी कितीक असे असतीन?” त्या रात्री मी नव्या कराराच्या मसुद्यात एक कलम घातलं, सगळ्या ड्रायव्हरांची दर वर्षी डॉक्टरी तपासणी.

चार दिवसांनी शेठबरोबर बैठक झाली. भाऊ आले नाहीत. अध्यक्षपद त्यांनी फोनवरच सोडलं होतं. शेठ वयस्कर माणूस. त्याला खरंच धक्का बसला होता. तो म्हणाला, “देवीदासले मी गेटवर ठेवून घेतो. तो गाड्यांची आवक-जावक पाहीन. पीएफ चालू ठेवतो. त्याची वर्षं भरतीन.”

मी म्हटलं, “हे करारात लिहा.”

“कायले? मी शब्द देऊन राह्यलो ना.”

“एकट्या भाऊंसाठी नको, सगळ्यांसाठी लिहा. तपासणीत जो ड्रायव्हर नापास होईल त्याला दुसरं काम. पगार कमी असला तरी चालेल, पण नोकरी सलग.”

“उद्या पाच जण नापास झाले त मी पाच गेटमन ठेवू का?”

तेव्हा रफिक बोलला. “शेठ, तुमी नाही लिहिलं त आमी तपासणीले जाणार नाही. आन तपासणी नाही झाली त तुमची एखादी गाडी कोणाच्या तरी आंगावर जाईन. मंग गेटमनपेक्षा महाग पडन.” थोडं थांबून तो म्हणाला, “तो माणूस खोटं बोलला. मी त्याले माफ नाही केलं. पण तो खोटं काहून बोलला, ते तं मिटवा.”

शेठनं दोन दिवस घेतले. मग तेही कलम लिहिलं गेलं. पगारवाढ आम्ही मागितली होती त्यापेक्षा कमी मिळाली. ड्रायव्हरांनी मतदान घेऊन ती मान्य केली. सही रफिकनं केली.

आणि सही केल्यावर तिसऱ्या आठवड्यात रफिक नव्या कंपनीत निघून गेला. त्याच्याबरोबर आणखी सात जण. मला राग आला नाही. पोरीच्या शिक्षणाला जास्तीचा पगार त्याला हवाच होता. त्यांची खाती मी जोडून दिली. सगळ्यांची आधीची वर्षं लागली.

देवीदासभाऊ गेटवर बसले. काही ड्रायव्हर त्यांच्याशी बोलतात, काही बोलत नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं, “भाऊ, कोणाला लागलं असतं तर?” ते म्हणाले, “रोज तोच विचार करतो, मॅडम. तवा रोज पेन्शनचा कराचो.” त्यांची दहा वर्षं अलीकडेच पूर्ण झाली.

पुढच्या वर्षीच्या तपासणीच्या आधीच दोन ड्रायव्हर स्वतःहून माझ्याकडे आले. एकाला अंधारात कमी दिसत होतं. दुसऱ्याला फिट येऊन गेली होती आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. दोघंही बरीच वर्षं गाडी चालवत होते. दोघांनाही यार्डात काम मिळालं.

तेव्हापासून मी करार लिहिते त्यात क्रम बदलला आहे. नापास झालेल्याचं काय, हे कलम आधी येतं. तपासणीचं त्याच्यानंतर.