वहिनींचा खिडकीबाहेरचा हात

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा रडू यायच्या आधी मला रागच आला. आम्हा नणंद-भावजयींची अजून कितीतरी भांडणं व्हायची राहिली होती... महिना उलटला तरी तो राग ओसरत नाही, आणि ओसरावा असं मला वाटतही नाही.

आमचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. वहिनींना धाराशिवच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली, ती साठ सालच्या आसपासची गोष्ट. एसटीची वेळ जुळेना, म्हणून दादानं त्यांना आपली जुनी मोटार चालवायला शिकवली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाही म्हटलं नाही. त्यांनी खिडक्यांना पडदे लावून घेतले आणि बजावलं, "मोटार चालवा, पण हात बाहेर दिसता कामा नये. दिसला त्या दिवशी नोकरी बंद." निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पडदे मात्र जायला तयार नव्हते.

पंचाईत अशी, की त्या मोटारीला वळायचे दिवेच नव्हते. उजवीकडं वळायचं तर चालवणाऱ्यानं उजवा हात खिडकीतून सरळ बाहेर धरायचा, थांबायचं तर वर करायचा. वहिनींनी काही दिवस निमूटपणे पडद्याआडून गाडी नेली. मग एका सकाळी, अण्णा मागं आणि मी पुढं बसलेली असताना, शाळेकडं वळताना मागून एसटीचा कर्कश ब्रेक लागला. टक्कर थोडक्यात चुकली. ड्रायव्हर खाली उतरून आला.

"बाई, वळायचं व्हतं तर हात दावायचा की. माझ्या गाडीत लेकरं हैत."

वहिनींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तो गेल्यावर त्यांनी उजव्या खिडकीचा पडदा दांडीसकट उपसला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"लोक काय म्हणतील?" अण्णा म्हणाले.

"मागून येणारेही लोकच आहेत, मामंजी. नोकरी बंद करायची तर करा. हात आता आत राहायचा नाही."

अण्णा तिथूनच एसटीनं घरी परतले आणि महिनाभर सुनेशी बोलले नाहीत. नोकरी बंद करा, असंही पुन्हा म्हणाले नाहीत. त्या बसमधली लेकरं त्यांनीही पाहिली होती.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. काही म्हातारे तर तो बांगड्यांचा हात म्हणजे रामराम समजून उलट रामराम करायचे. वहिनी हसायच्या, हात तसाच धरायच्या. पुढं त्यांनी मलाही शिकवलं. समोरून बैलगाडी आली की मोठा दिवा खाली कर, बैल बुजतात. अंधार पडला की आतला दिवा बंद, नाहीतर काचेत आपलंच तोंड दिसतं. आणि वळायचं ते आधी सांग, वळल्यावर नाही.

महिन्यापूर्वी वहिनींना शेवटचं नेताना त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "आत्या, बायका स्मशानात येत न्हाईत. तुम्ही घरी थांबा." मी माझी गाडी काढली. पुढं शववाहिका, मागं पोरांच्या गाड्या. स्मशानाच्या वळणाआधी वळायचा दिवा लावला, तो पुरेसा होता... तरी काच खाली करून उजवा हात सरळ बाहेर धरला. मागून हॉर्नवर हॉर्न वाजले. मी वळले, आणि चिता पेटेपर्यंत तिथंच उभी राहिले.