वृंदा नागवेकरचा राग

हरून परतलेल्या वृंदाला कुणी सहज म्हणालं, "छान खेळलीस हो," की ती थांबून विचारायची, "मॅच बघितलीत?" समोरचा गडबडायचा. "नाय ना? मग छान कशावरून?" एवढं बोलून ती चालू पडायची. रत्नागिरीत तिला शिष्ट म्हणत. मी तिला अकराव्या वर्षापासून ओळखते. ती शिष्ट नव्हती, रागावलेली होती, आणि त्या रागाला कारण होतं. आता मलाही राग आला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या क्लबात तांबड्या मातीचं एकच टेनिस कोर्ट. माझे बाबा डॉक्टर, क्लबाचे सभासद, समितीवरही. मला तेच शिकवायचे. वृंदाची आई मिरकरवाड्याच्या बंदरातून मासे घेऊन आमच्या आळीत यायची. ती दारोदार फिरे तोवर वृंदा क्लबाच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर बसून आमचा खेळ बघायची. एकदा पेशंटचा फोन आला म्हणून बाबा मध्येच गेले आणि मी तिला आत बोलावलं. ती अनवाणी खेळली. महिन्याभरात ती मला हरवू लागली.

मग एका सभासदाने बाबांना ऐकवलं, की कोर्टावर हल्ली मासळीचा वास येतो. बाबा भांडले नाहीत. त्यांनी वृंदाला सांगितलं, सभासद यायच्या आत, उजाडता उजाडता येत जा. ती चार वर्षं तशी आली. कोर्ट झाडायची, चुन्याने रेघा मारायची, माझ्याशी खेळायची आणि मंडळी आली की मागच्या फाटकाने निघून जायची. तिने मारलेल्या रेघांवर तेच गृहस्थ दिवसभर खेळायचे.

पंधराव्या वर्षी एका स्पर्धेत कोल्हापूरच्या प्रशिक्षकांनी तिला हेरलं आणि घेऊन गेले. पुढची चौदा वर्षं ती व्यावसायिक टेनिस खेळली. लोकांना वाटायचं, विमानं, हॉटेलं, टीव्ही. वृंदाचं टेनिस म्हणजे परक्या मुलखातली लहान गावं, रिकाम्या खुर्च्या आणि स्वतःच विणलेल्या रॅकेटच्या तारा. कधी पात्रता फेरीत पहिल्याच दिवशी हरायची आणि दोन दिवसांचा प्रवास करून पुढच्या गावी जायची. फोनवर मी विचारलं, कंटाळा येत नाही का गो? ती म्हणाली, "हरल्यावर राग येतो. राग आहे तोवर कंटाळा कुठला."

एकदा मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत ती पात्रता फेऱ्या जिंकून मुख्य फेरीत पोचली. मी बघायला गेले होते. समोर मानांकित परदेशी खेळाडू. वृंदाने पहिला सेट घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात बरोबरी असताना सर्व्हिस करताना तिचा खांदा गेला. तिने मॅच सोडली नाही. हात खांद्याच्या वर जाईना, तर खालून चेंडू टाकून सर्व्हिस करत राहिली, आणि हरली. बाहेर आल्यावर रडली नाही. मला म्हणाली, "तिला शेवटचा पॉइंट कमवायला लावला ना, बस."

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत तिच्या अभिनंदनाचा फलक लागला. तिच्या फोटोशेजारी वासाची तक्रार करणाऱ्या गृहस्थांचा हसरा फोटो. ते आता क्लबाचे अध्यक्ष होते.

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती दोन वर्षं कशीबशी खेळली आणि थांबली. घरी आली ती एकच मागणं घेऊन: सकाळी दोन तास कोर्ट द्या, मिरकरवाड्यातल्या मुलींना शिकवते. तेव्हा बाबांच्या जागी मी समितीवर होते. त्या बैठकीत अध्यक्षांनी दोन ठराव मांडले. वृंदाचा जाहीर सत्कार करायचा, आणि कोर्ट बुजवून क्लबाच्या लग्नाच्या हॉलसाठी गाड्या लावायची जागा करायची. दोन्ही ठरावांना सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. एकटीने काय होणार, असं मी स्वतःला सांगितलं.

सत्कारात शाल पुढे आली तेव्हा वृंदाने ती घेतली नाही. माईक घेऊन म्हणाली, "शाल नको. कोर्ट ठेवा." अध्यक्ष म्हणाले, बघू, आधी सगळ्यांनी चहा घेऊया. लोक चहाकडे वळले.

ती माझ्याकडे आली. ठरावाला माझाही हात वर गेला, हे तिला कळलं होतं.

"तू बोलून हरली असतीस तर मला काय वाटलं नसतं गो," ती म्हणाली. "तू उतरलीसच नाय."

आवाज चढला नव्हता. मी तिला तेवढी रागावलेली कधी पाहिली नव्हती. आठवड्याभरात ती नाशिकच्या एका शाळेत मुलींना शिकवायला निघून गेली. मी केलेले फोन तिने उचलले नाहीत.

कोर्टावर खडी पडायच्या आधीच्या बैठकीत मी उभी राहिले. मासळीच्या वासापासून सगळं बोलले, अध्यक्षांच्या तोंडावर. पुन्हा मतदान झालं. कोर्ट वाचवावं म्हणणारी मी एकटी. घरी येऊन वृंदाला तेवढंच लिहून पाठवलं: बोलले, हरले.

लगेच तिचा फोन आला. किती मतांनी, तिने विचारलं. मी सांगितलं, सगळे विरुद्ध. ती म्हणाली, "बरं. पुढची बैठक कधी आहे?"