बिनबॅटरीचं कार्ड

बेळगावच्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं एका कार्डापायी घालवली. बोटाएवढं कार्ड. त्यावर डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण. थॅलेसेमियाचा दोष असलेलं जनुक रक्तात असलं की ते त्याला धरतात. बॅटरी नको, वीज नको. रक्तातल्याच साखरेवर कार्ड चालतं आणि दोष असला तर कोपऱ्यात निळा ठिपका पेटतो. मला त्याचा लई अभिमान होता.

आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत. निपाणीची माझी बहीण आक्का हिचा मुलगा आणि सांबऱ्याचा भाऊ अण्णा याची मुलगी, हे लग्न ती पाळण्यात असतानाच ठरलेलं. दोघांतही दोष निघाला तर त्यांचं एखादं मूल जन्मभर दुसऱ्यांच्या रक्तावर जगेल, म्हणून दोघांना तपासूया, हा हट्ट माझाच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! साखरपुड्याच्या बोलणीलाच मी कार्डं पर्समध्ये घालून अण्णाकडे गेले.

"माझ्या पोराला काय झालंय गं?" आक्का म्हणाली. "चांगला धडधाकट हाय. पोरीचं बघ."

आक्काचं म्हणणं सगळ्यांनी मानलं. मीही. एकीचं तरी होऊ दे, म्हणून मी भाचीच्या बोटाला सुई लावली.

ठिपका पेटला. दहा माणसांसमोर, चहाच्या कपांशेजारी.

"अगं, हिला कायबी होत न्हाय! दोघांत असलं तरच भ्यायचं. त्याचंबी बघूया," मी घसा फोडून सांगत होते.

"दिवा लागला की. अजून काय बघायचं?" आक्का उठलीच.

लग्न मोडलं. महिन्याभरात आक्कानं दुसरी सून आणली. मुलाच्या रक्ताचा थेंब आजतागायत कुणी बघितलेला नाही. भाचीची स्थळं मात्र दारातूनच परत जातात. गावात बातमी पसरायलाही वीज लागत नाही. मला आक्काचा संताप येतो, आणि माझी त्याहून जास्त लाज वाटते.

परवा भाचीनं विचारलं, "आत्त्या, त्याला का टोचलं न्हाईस?"

"आक्का नको म्हणाली."

"आणि मला कोण विचारलं?"

तिचं संमतीपत्र माझ्या कपाटात आहे. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. त्यावर सही अण्णाची आहे, आणि ती कुठं करायची ते बोट ठेवून मीच दाखवलं होतं.