पुण्यात बटण, निरगुडसरला पाणी

माझा पोर्टफोलिओ म्हणजे साधीसुधी वेबसाइट नव्हती राव, जत्राच होती! टोमॅटोचा भाव सांगणारं ॲप होतं. ड्रोनच्या फोटोवरून मेंढरं मोजणारा प्रोग्राम होता. तो पांढरे दगडही मेंढरांत धरायचा, त्यामुळे आमचा एक मेंढपाळ मित्र बसल्या जागी तालुक्यातला सगळ्यात मोठा कळपवाला झाला. पण सगळ्यांचा राजा म्हणजे मोटरचं बटण. हिरवं दाबलं की निरगुडसरच्या आमच्या विहिरीवरची मोटर चालू, लाल दाबलं की बंद.

चाचणीसाठी वेगळी मोटर मागितली, तेव्हा वडील म्हणाले होते, "खेळाया दुसरी मोटर? हाय तीच वापर की!" म्हणून बटण थेट खऱ्या मोटरला जोडलेलं.

अवसरीत इंजिनिअरिंग केल्यापासून इतक्या कंपन्यांनी नकार दिला होता, की नवीन कंपन्या निघायची वाट बघत होतो. शेवटी पुण्यात एक मुलाखत मिळाली. ही हुकली की वारूळवाडीला मामाच्या दुकानात पाईप विकायला बसायचं, हे घरी ठरलेलं.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी पोर्टफोलिओ उघडला. "हे खरंच चालतं?"

"दाबून बघा ना!" मी छाती फुगवली. त्या आठवड्यात शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची होती. भरदुपारी स्क्रीनवर 'लाईट नाही' येणार आणि आपण ऐटीत समजावून सांगणार, असा माझा हिशेब.

मॅडमनी हिरवं दाबलं. स्क्रीनवर आलं, 'मोटर चालू'. पाळी बदलली होती!

लगेच वडिलांचा फोन. "घ्या, स्पीकरवर घ्या," मॅडम म्हणाल्या.

"आरं कोण मुडदा बटण दाबतोय? लाईट रातची म्हणून पाईपचा जोड सोडून बसलो व्हतो मी! पाणी आसलं उडालं, पार भीमाशंकर भिजला आसंल!"

"बाबा, तो मुडदा मीच," मॅडम म्हणाल्या.

पलीकडे पाण्याचा धो-धो आवाज चालूच. वडील मात्र एकदम मऊ झाले. "राग मानू नका बाई. पण बंद करा बिगीनं, कांदा पोहाया लागलाय."

मॅडमनी लाल दाबलं. काहीच नाही. आमच्या विहिरीवरची रेंज रुसलेल्या जावयासारखी, मनात येईल तेव्हा येणारी. मला मामाचं दुकान दिसायला लागलं, पाईप दिसायला लागले, पाईपांवरची धूळसुद्धा दिसली.

तेवढ्यात फोनवरचा पाण्याचा आवाज थांबला.

"थांबली!" वडील ओरडले.

"मग बाबा, ॲप चालतंय म्हणायचं?" मॅडमनी विचारलं.

"चालतंय म्हंजे? माझं धोतर पिळून बघा! लई भारी केलंय पोरानं. फकस्त चालू करायच्या आदी मला इचारत न्हाई, तेवढीच खोट."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ही खोट आत्ता काढा. इथंच."

मी अशी बोटं चालवली की कीबोर्डमधून धूर निघाला. मॅडमनी पुन्हा हिरवं दाबलं. निरगुडसरला वडिलांच्या फोनवर मेसेज गेला, 'मोटर चालू करू का?' वडिलांनी 'नाही' दाबलं आणि स्क्रीनवर आलं, 'मालक नको म्हणतात'.

मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या. "सोमवारपासून या."

"घेतला का त्याला?" फोन अजून चालूच होता. "मंग थांबा बाई, जोड बसवतो. लाईट हाय तवर उसाला पाणी तुमच्याच हातानं सोडा."

आणि त्यांनी सोडलं.